मृत्यूआधीचा रुपर्ट ब्रुक



ही व्याख्यानमाला एका ग्रंथपालांच्या स्मरणार्थ चालते. तेव्हा बोलायचं तर पुस्तकांबद्दलच, हे विषय ठरण्याआधीच ठरलं होतं. आज दोन पुस्तकं घेतो. पहिलं म्हणजे एका त्रैमासिकाचा पातळसा अंक. तो आता संग्राहकांच्या कपाटांत, नाहीतर मोठ्या ग्रंथालयांच्या राखीव विभागांत पाहायला मिळतो. दुसरं पुस्तक १९१५च्या मे महिन्यात निघालं. त्याच वर्षात त्याची आणखी अकरा मुद्रणं झाली आणि जून १९१८पर्यंत चोविसावं मुद्रण निघालं होतं. पहिल्याचं नाव ‘न्यू नंबर्स’, दुसऱ्याचं ‘१९१४ अँड अदर पोएम्स’. दोन्हींत तीच पाच सुनीतं आहेत आणि कवीही एकच आहे, ब्रिटिश नौदलातला सब-लेफ्टनंट रुपर्ट ब्रुक. मधल्या काळात घडलं ते एवढंच, की कवी वारला.

हे ‘एवढंच’ मी थोड्या खवचटपणानं म्हणतो आहे, कारण पुढची शंभर वर्षं या पाच कविता त्या मृत्यूच्याच उजेडात वाचल्या गेल्या. ज्यांनी पूजा केली त्यांनी मृत्यूची केली. ज्यांनी टर उडवली त्यांनीही मृत्यूभोवती रचलेल्या देव्हाऱ्याचीच उडवली. कविता मधल्या मध्ये राहून गेल्या. मला आज त्या विरळ अंकापाशी परत जायचं आहे. तिथून पुढे, या अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष जहाजावर लिहिलेल्या आणि या दोन्ही पुस्तकांत नसलेल्या एका अपुऱ्या कवितेपर्यंत यायचं आहे. ती अपुरी कविता त्या पाच पुऱ्या कवितांपेक्षा मोठी आहे, असं माझं मत आहे. ते तुम्हाला पटेल की नाही, हे तासाभरात कळेलच.

आधी अंकाबद्दल. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात डायमॉक नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास १९१४ साली काही कवी राहायला आले होते. लॅसेल्स ॲबरक्रॉम्बी रायटनला राहायचा, विल्फ्रिड गिब्सन जवळच ग्रीनवे क्रॉसला. अमेरिकेहून आलेला रॉबर्ट फ्रॉस्ट त्याच शेतांतून फिरत होता आणि एडवर्ड थॉमस त्याला भेटायला येत होता. ॲबरक्रॉम्बी, गिब्सन, जॉन ड्रिंकवॉटर आणि ब्रुक या चौघांनी ठरवलं, की प्रकाशकाच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपणच आपल्या कविता छापाव्यात आणि वर्गणीदारांना टपालानं पाठवाव्यात. अंकाची किंमत अडीच शिलिंग. पत्ते लिहिणं, पाकिटं बंद करणं, तिकिटं लावणं ही सगळी कामं घरातली माणसं करायची. आपल्याकडच्या लघुनियतकालिकवाल्यांना हे चित्र काही नवं वाटणार नाही.

चार अंक निघाले आणि काम थांबलं. चौथ्या, शेवटच्या अंकात ब्रुकची पाच सुनीतं आहेत. अंकावर डिसेंबर १९१४ असं छापलं असलं तरी तो लोकांच्या हाती पडेपर्यंत नवं वर्ष उजाडलं होतं. त्या अंकात कवीचा फोटो नाही, मृत्युलेख नाही, प्रस्तावना नाही. चार मित्रांपैकी एकाच्या पाच कविता, इतकंच त्यांचं स्थान. ज्या मोजक्या वर्गणीदारांनी तो अंक टपालातून सोडवला त्यांनी या कविता एका जिवंत माणसाच्या म्हणून वाचल्या. ते भाग्य नंतर कुणालाच लाभलं नाही.

हा जिवंत माणूस कसा होता? जन्म ३ ऑगस्ट १८८७, रग्बी गावी. वडील तिथल्याच प्रसिद्ध शाळेत मास्तर. पुढे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. तिथे तो फेबियन समाजवाद्यांच्या विद्यापीठ शाखेचा अध्यक्ष होता. जॉन वेब्स्टर या जुन्या नाटककारावर प्रबंध लिहून त्यानं १९१३ साली कॉलेजची फेलोशिप मिळवली. दिसायला इतका देखणा, की त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या पानावर त्याच्या रूपापाशीच अडखळतो. मी अडखळणार नाही. १९१३-१४मध्ये तो वर्तमानपत्रासाठी प्रवासवर्णनं लिहीत अमेरिका, कॅनडा आणि दक्षिण समुद्रातली बेटं फिरून आला. ताहितीत काही महिने राहिला. १९१४च्या उन्हाळ्यात परतला आणि दोन महिन्यांच्या आत युद्ध सुरू झालं.

या माणसाचा पहिला संग्रह १९११चा. त्यात एक सुनीत आहे, इंग्लिश खाडी ओलांडताना बोट लागते त्यावर. होय, ओकारीवर. प्रेमाची आठवण आणि पोटातली ढवळाढवळ यांतलं काय बरं, अशा पेचात सापडलेला प्रवासी त्यात आहे. प्रकाशकाला ते खटकलं, समीक्षकांनी नाकं मुरडली, एडवर्ड मार्शसारख्या हितचिंतकालाही ते आवडलं नाही. पुढे नौदलात अधिकारी झालेल्या कवीची ही समुद्रावरची सलामी! पण ही कविता मी गमतीसाठी सांगत नाही. केशवसुतांनी १८९२ साली मराठीत आणलेला हा चौदा ओळींचा घाट आपण बहुतेक वेळा गंभीर आणि सोज्वळ भावनांसाठीच राखून ठेवला. ब्रुकला मात्र ठाऊक होतं, की त्या घाटात घाम, वास, ओकारी असं सगळं शरीर मावतं. ते त्यानं करून दाखवलं होतं. तेव्हा १९१४च्या सुनीतांत शरीर दिसत नाही, ते कवीला जमलं नाही म्हणून नव्हे. त्यानं ते जाणूनबुजून बाहेर ठेवलं. हा मुद्दा लक्षात असू द्या.

आता तो नौदलात कसा गेला. युद्ध सुरू झालं तेव्हा आरमाराकडे वीस-तीस हजार राखीव माणसं अशी होती, ज्यांना द्यायला जहाजच नव्हतं. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिलनं त्यांना जमिनीवर लढायला पाठवायचं ठरवलं आणि रॉयल नेव्हल डिव्हिजन उभी राहिली. बटालियनांना नावं दिली जुन्या दर्यासारंगांची: ड्रेक, हॉक, बेनबो, कॉलिंगवुड, नेल्सन, होव, हूड, ॲन्सन. हातात बंदूक, पायात लष्करी बूट, रोज खंदक खणायची तालीम, पण हुद्दे सगळे नौदलाचे. शिपायाला सीमन म्हणायचं, हवालदाराच्या जागी पेटी ऑफिसर. छावणीत वेळ सांगायला जहाजावरची घंटा. दाढी ठेवायची मुभा. आणि छावणीच्या फाटकाबाहेर जायचं असेल तर परवानगी मागायची ती ‘किनाऱ्यावर’ जाण्याची, मग समुद्र कोसभर लांब का असेना. मार्श हा चर्चिलचा खाजगी चिटणीस आणि ब्रुकचा जिवलग. त्याच्या खटपटीनं सप्टेंबर १९१४मध्ये ब्रुक सब-लेफ्टनंट झाला. आधी ॲन्सन, नंतर हूड बटालियन.

महिन्याच्या आत, ४ ऑक्टोबरला, पुरतं शिक्षणही न झालेली ही फौज बेल्जियमकडे निघाली. जर्मन सैन्यानं अँटवर्पला वेढा घातला होता. ब्रुक डंकर्कला उतरला, आगगाडीनं अँटवर्पला गेला. लोकांनी रस्त्यांवर जयघोष केला, फळं दिली. मग खंदकात दोन-तीन दिवस, डोक्यावरून जाणारे तोफगोळे, आणि ८ ऑक्टोबरच्या रात्री माघार. शेल्ट नदीकाठच्या तेलाच्या टाक्या पेटलेल्या, त्या उजेडात तरंगत्या पुलावरून नदी ओलांडायची आणि रात्रभर चालत राहायचं. त्याच रस्त्यानं शहर सोडून निघालेली माणसं चालली होती. गाड्यांवर गाद्या, म्हाताऱ्या, पोरं, गुरं. ब्रुकनं हे सगळं नंतर पत्रांत लिहिलं आणि फार चांगलं लिहिलं. एका देशाची अख्खी माणसं विस्थापित होताना आपण पाहिली, हे त्यानं मित्रांना पुन्हा पुन्हा कळवलं. डिव्हिजनची सुमारे दीड हजार माणसं वाट चुकून हॉलंडच्या हद्दीत गेली आणि युद्ध संपेपर्यंत ग्रोनिंगनला अडकून पडली. ब्रुक वाचला. त्याचं सामान मात्र अँटवर्पला गेलं, आणि त्यात त्याची काही हस्तलिखितंही होती.

यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात, डॉर्सेटमधल्या ब्लँडफर्डच्या चिखलानं भरलेल्या छावणीत आणि नाताळच्या रजेत, त्यानं ती पाच सुनीतं लिहिली. त्यांत अँटवर्प नाही.

या जागी मी नेहमी थांबतो. पेटलेली नदी नाही, म्हाताऱ्या नाहीत, गुरं नाहीत, बेल्जियमचं नावसुद्धा नाही. शत्रू नाही. तोफ नाही. पहिल्या सुनीतात थकल्या, मरगळलेल्या जगातून स्वच्छतेत उडी घेणारी तरुण पिढी आहे. दुसऱ्यात मृत्यू हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. तिसऱ्यात मृतांच्या सन्मानार्थ बिगुल वाजतात आणि हरवलेली प्रतिष्ठा पृथ्वीवर परत येते. पाचव्यात, जे आपल्यापैकी पुष्कळांनी कॉलेजच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचलं असेल, सैनिक सांगतो की परक्या भूमीत मला पुराल तो तुकडा कायमचा इंग्लंडचा होईल. हे सुनीत म्हणजे कारागिरीचा उत्तम नमुना आहे, स्वर कुठेही चढत नाही, आणि इंग्लंडचं नाव पुन्हा पुन्हा येऊनही कानाला टोचत नाही. पहिल्या मसुद्यात त्याचं शीर्षक सैनिकाचं नव्हतं, नव्यानं भरती झालेल्याचं होतं. मला तेच अधिक खरं वाटतं. या कविता लढलेल्या माणसाच्या नाहीत, नाव नोंदवून आलेल्या माणसाच्या आहेत.

चौथं सुनीत वेगळं आहे. त्यात मेलेल्यांनी जिवंतपणी काय काय अनुभवलं त्याची साधी यादी आहे, आणि नंतर सहा ओळी फक्त पाणी, वारा आणि थंडीनं गोठणं. इंग्लंड नाही, देव नाही, प्रतिष्ठा नाही. पाचांतलं हे एकच सुनीत मी कुणाच्याही चांगल्या कवितेशेजारी ठेवायला तयार आहे. ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’नं ११ मार्च १९१५ला या अंकाची दखल घेताना पुरती छापली ती चौथी आणि पाचवी. लोकांनी उचललं ते मात्र पाचवं.

पाचव्याबद्दल मराठी वाचक म्हणून एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. ब्रुक हे लिहीत होता त्याच नोव्हेंबरात पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन इराकमध्ये उतरून बसऱ्यात शिरली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पुढे कूतच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली आणि एप्रिल १९१६मध्ये शरण गेली. तिच्यातलीही माणसं परक्या भूमीत पुरली गेली, नाहीतर जाळली गेली. तो तुकडा कुणाचा झाला? बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावापुढे फक्त संख्या घातली. ब्रुकच्या कवितेचा हा दोष नाही, तो बिचारा काय करणार. पण ती कविता आपल्या अभ्यासक्रमात दशकानुदशकं आली आणि हा प्रश्न कधी वर्गात आला नाही, हा आपला दोष आहे.

असो. गोष्टीकडे वळू. फेब्रुवारी १९१५च्या अखेरीस हूड बटालियन ‘ग्रँटली कॅसल’ या जहाजानं भूमध्य समुद्राकडे निघाली. डार्डनेल्सची सामुद्रधुनी फोडून कॉन्स्टँटिनोपल घ्यायचं, असा चर्चिलचा बेत. जहाजावर एका टेबलाशी जमणारी मंडळी अशी होती, की साहित्यसंमेलनाच्या मांडवातही एवढी एकत्र मिळणार नाहीत. पंतप्रधान ॲस्क्विथचा मुलगा आर्थर. संगीतकार डेनिस ब्राउन. मुत्सद्देगिरी सोडून आलेला चार्ल्स लिस्टर. ग्रीक-लॅटिनचा पंडित आणि बँकेतला बडा अधिकारी पॅट्रिक शॉ-स्ट्युअर्ट. एफ. एस. केली हा पियानोवादक, संगीतरचनाकार आणि १९०८च्या ऑलिंपिकमध्ये वल्हवण्यात सुवर्णपदक मिळवलेला खेळाडू. आणि बर्नार्ड फ्रायबर्ग, जो पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर-जनरल झाला. हे लोक लॅटिनमध्ये विनोद करायचे, पियानो वाजवायचे, आणि आपण ट्रॉयच्या दिशेनं निघालो आहोत याचा त्यांना मनापासून आनंद होता. जहाजावरचे बाकीचे अधिकारी त्यांच्या टेबलाला लॅटिन टेबल म्हणत.

इजिप्तमध्ये पोर्ट सैदला ब्रुकला ऊन लागलं. सेनापती सर इयान हॅमिल्टन त्याला तंबूत भेटायला गेला आणि आपल्या कार्यालयात सुरक्षित जागा देऊ केली. ब्रुकनं नको म्हटलं. इकडे लंडनमध्ये ४ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, सेंट पॉल कॅथीड्रलच्या डीन इंजनं प्रवचनात पाचवं सुनीत वाचून दाखवलं. त्या सभेत एक माणूस उठून युद्धाविरुद्ध ओरडलाही, पण तो इतिहासात राहिला नाही. राहिलं सुनीत. डीननं कवितेचं कौतुक करताना हेही म्हटलं, की बायबलमधल्या यशयाच्या वाणीची सर हिला नाही. ही बातमी ब्रुकला जहाजावर, आजारपणात कळली. तेव्हा डीनला आपण यशयाइतके चांगले वाटलो नाही याचं वाईट वाटतं, असं तो म्हणाला. ओकारीवर सुनीत लिहिणारा ब्रुक अजून शिल्लक होता, याचा हा पुरावा.

१७ एप्रिलला जहाज स्कायरॉस बेटापाशी आलं. २० तारखेला बेटावर कवायत झाली आणि दुपारी ब्रुक व त्याचे मित्र ऑलिव्हच्या एका राईत विसावले. त्याच रात्रीपासून त्याची तब्येत ढासळली. ओठावर डास चावला होता, तिथून रक्तात विषार पसरला. अँटिबायोटिक नसलेलं जग ते. जवळच्या ‘दुग्वे-त्रुआँ’ या फ्रेंच इस्पितळी जहाजावर त्याला हलवलं आणि २३ एप्रिलला दुपारी पावणेपाचच्या सुमारास तो गेला. वय सत्तावीस. दुसऱ्या दिवशी पहाटे जहाजं निघायची होती, म्हणून त्याच रात्री त्या ऑलिव्हच्या राईत खड्डा खणला. पेटी ऑफिसरांनी खडकाळ ओढ्यातून शवपेटी वर नेली, शॉ-स्ट्युअर्टनं बंदुकांची सलामी दिली, मित्रांनी संगमरवराचे दगड रचले. ग्रीक दुभाष्यानं लाकडी क्रूसावर आपल्या भाषेत लिहिलं, की हा देवाचा सेवक, इंग्रजी आरमाराचा सब-लेफ्टनंट, कॉन्स्टँटिनोपलच्या मुक्तीसाठी मरण पावला. एकही नाविक लढाई न लढलेल्या या माणसाला आरमाराचा अधिकारी म्हणून मिळालेली ही सर्वांत ठळक नोंद. ग्रीस त्या वेळी युद्धात उतरलेलाही नव्हता. परक्या भूमीचा तुकडा मिळाला, तो असा तटस्थ देशातला.

यापुढचं सगळं काम इतरांनी केलं. २५ तारखेला डार्डनेल्सकाठच्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं. २६ला ‘टाइम्स’मध्ये चर्चिलच्या आद्याक्षरांनी मृत्युलेख आला. त्यात डासाला जागा नव्हती. आनंदानं मरणाला सामोरा जाणारा, देशाच्या उदात्ततेचा आवाज झालेला तरुण तेवढा होता. भरतीसाठी याहून उपयोगी माणूस सापडला नसता. मे महिन्यात सिजविक अँड जॅक्सननं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानासमोर शेरिल शेल यानं १९१३ साली काढलेला फोटो लावला. उघडे खांदे, बाजूनं टिपलेला चेहरा, ग्रीक पुतळ्यासारखा. हयात असताना केंब्रिजच्या मित्रांनी याच फोटोवरून त्याला नटी म्हणून चिडवलं होतं. आता कुणी हसलं नाही.

त्या पुस्तकात युद्धावरच्या कविता मोजक्याच आहेत, हे किती जणांना ठाऊक असतं? बाकी सगळं पुस्तक ताहितीचं, प्रेमाचं, माशांच्या स्वर्गाचं, आणि १९१२ साली बर्लिनच्या कॅफेत बसून लिहिलेल्या ग्रँटचेस्टर गावाच्या आठवणींचं आहे. पण शीर्षकात साल घातलं, समोर फोटो लावला आणि अख्खं पुस्तक रणगीत झालं. प्रकाशकाची अक्कल म्हणा हवं तर. युद्धसंग्रह असाही तयार होतो.

तेव्हाच्या तेव्हा एका माणसानं हे ओळखलं. चार्ल्स सॉर्ली, वय एकोणीस, पायदळातला अधिकारी आणि स्वतः कवी. ब्रुकच्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आत त्यानं आईला लिहिलं त्याचा आशय असा: परिस्थितीनं जे करायला लावलं ते करणं म्हणजे फार मोठा त्याग, असं ब्रुकला वाटत होतं. आपल्या भूमिकेला त्यानं सुंदर शब्दांचे कपडे चढवले, पण भूमिका भावविवशच राहिली. सॉर्ली त्याच ऑक्टोबरात लूसच्या लढाईत विसाव्या वर्षी मारला गेला. त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्याच्यासमोर पुरता पुरावा नव्हता. तो कुणासमोरच नव्हता.

तो पुरावा म्हणजे ब्रुकनं त्या शेवटच्या एप्रिलमध्ये लिहिलेलं एक टिपण, अर्धवट सुटलेली कविता. रात्रीची वेळ आहे, आभाळात चंद्र नाही, कवी डेकवर एकटाच भटकतो आहे. खिडकीतून आत पाहतो तर मित्र दिव्याच्या उजेडात बसलेत. कुणी टेबलाशी, कुणी पत्ते खेळतंय, कुणी दारात येऊन उभं राहतंय. त्यांना तो दिसत नाही. आठवड्याभरात लढाई. या दणकट, देखण्या शरीरांची चाळण होणार, ती चिरडली जाणार, विखुरणार, हे त्याला ठाऊक आहे, आणि त्यावर काहीतरी अभिमानाचं, कणवेचं बोलावं असंही त्याच्या मनात येतं. पण ते जमत नाही. डोळ्यांना फक्त सावल्या दिसतात, काचेहून पातळ, लाटेवरच्या प्रकाशाहून फिकट. मरू घातलेली भुतं दुसऱ्या भुतांकडे निघालेली. हा जाईल, तो जाईल, किंवा मी जाईन, इथे कविता थांबते.

सुनीतांत जे नव्हतं ते इथे आहे. माणसं आहेत, त्यांना शरीरं आहेत, ती फुटणार आहेत. इंग्लंड नाही, बिगुल नाही, स्वच्छतेत उडी नाही. आणि हा खऱ्या अर्थानं नौदलातल्या माणसाचा अनुभव आहे: डेक, काळोख, केबिनचा उजेड, पाण्यातली चमक. ब्लँडफर्डच्या छावणीत समुद्राचं नुसतं नाटक होतं, इथे समुद्र आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्वी जे बोलणं त्याला सहज जमत होतं ते आता जमत नाही, हे कवी कवितेतच कबूल करतो. सॉर्लीच्या आक्षेपाला उत्तर कुणी द्यायला हवं होतं तर ते याच कवितेनं, आणि ब्रुक वाचला असता तर त्यानं हीच वाट धरली असती, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. वाटतं.

ही कविता त्या दणदणीत खपलेल्या पुस्तकात नाही. मार्शनं ब्रुकचं चरित्र त्याच वर्षी लिहून काढलं होतं, पण ब्रुकच्या आईला ते पसंत पडलं नाही. त्या बाईंची काय अवस्था असेल? थोरला मुलगा १९०७ला गेलेला, नवरा १९१०ला, रुपर्ट एप्रिलमध्ये, आणि धाकटा आल्फ्रेड जून १९१५मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर. मार्शनं आपल्या मुलाचा पुतळा केला, मुलगा हरवला, असं त्यांना वाटत असेल तर त्यांचं काय चुकलं! चरित्र अखेर १९१८च्या उन्हाळ्यात समग्र कवितांबरोबर निघालं, आणि जहाजावरचं ते टिपण तिथे लोकांसमोर आलं.

तोवर त्या खिडकीतल्या मंडळींचं काय झालं होतं ते सांगतो. डेनिस ब्राउन ४ जून १९१५ला गॅलिपोलीत गेला. शेवटच्या चिठ्ठीत त्यानं मार्शला कळवलं, की मी रुपर्टहून नशीबवान, मला लढायला तरी मिळालं, पण मी त्याला पुरलं तसं मला पुरायला कुणी नाही. त्याचं प्रेत सापडलं नाही. लिस्टर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जखमांनी गेला. केलीनं गॅलिपोलीत असतानाच ब्रुकच्या स्मरणार्थ तंतुवाद्यांसाठी एक विलापिका रचली. तो नोव्हेंबर १९१६मध्ये सोमच्या लढाईत बोकूरला मारला गेला. शॉ-स्ट्युअर्ट ३० डिसेंबर १९१७ला, हूड बटालियनचं नेतृत्व करत असताना. हाउसमनच्या कवितांच्या पुस्तकात कोऱ्या पानावर त्यानं लिहिलेली एकच युद्धकविता मागे राहिली, आणि ती फार थोर आहे. आर्थर ॲस्क्विथचा पाय गेला, जीव वाचला. टिपण छापून आलं तेव्हा ते जवळपास पुरतं खरं झालेलं होतं.

आता शेवटचा, पैशांचा मुद्दा. तो टाळला तर चित्र अपुरं राहील. मरणापूर्वी ब्रुकनं लिहून ठेवलं, की माझ्या पुस्तकांचं उत्पन्न ॲबरक्रॉम्बी, गिब्सन आणि वॉल्टर डि ला मेअर या तिघांना द्यावं, म्हणजे त्यांना हवं ते लिहायला मोकळीक मिळेल. कुणालाच कल्पना नव्हती की ही रक्कम केवढी होणार आहे. १९१६ साली येल विद्यापीठानं ब्रुकला मरणोत्तर हाउलंड पुरस्कार दिला, तो घ्यायला डि ला मेअर अमेरिकेला गेला. ज्या अंकाची पाकिटं घरी बसून चिकटवली, त्या अंकातल्या पाच कवितांनी मित्रांची घरं चालवली.

यातला गिब्सन मला फार महत्त्वाचा वाटतो. डोळे अधू म्हणून लष्करानं त्याला अनेकदा परत पाठवलं, १९१७ साली कसाबसा घेतला, आणि देशाबाहेर तो कधी गेलाच नाही. याच गिब्सननं १९१५ साली ‘बॅटल’ नावाचं लहानसं पुस्तक काढलं. खंदकात उताणं पडून न्याहारी करताना फुटबॉलवर पैज लावणारे शिपाई, बायकोची, गुरांची, घरच्या क्षुल्लक कामांची आठवण काढणारे शिपाई, चार-आठ ओळींत, त्यांच्याच बोलीच्या जवळच्या भाषेत. सासून आणि ओवेन या युद्धकवींच्या आधी हे लिहिलं गेलं. ज्यानं अँटवर्प डोळ्यांनी पाहिलं त्यानं उदात्त सुनीतं लिहिली, आणि ज्यानं काहीच पाहिलं नव्हतं त्यानं शिपायाच्या तोंडातला घास लिहिला. युद्धकवितेला अनुभवाचा दाखला लागतो असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. दोघेही ‘न्यू नंबर्स’चेच.

तेव्हा माझा निकाल असा. पाच सुनीतांपैकी चौथं टिकेल. पाचवं इतिहासाचा कागद म्हणून टिकेल, आणि तसंच ते शिकवावं. ब्रुकची खरी युद्धकविता एकच, ती अपुरी आहे आणि एका पानात मावते. इंग्रजी शिकवणारे जे कुणी इथे बसले असतील त्यांना विनंती, की पाठ्यपुस्तकात पाचवं सुनीत आलं तर त्याच तासाला हे टिपण आणि गिब्सनच्या ‘बॅटल’मधल्या दोन-चार कविता वर्गात वाचून दाखवा. फोटो दाखवू नका.